खरवड

मंडळी, आधीच सांगून ठेवते, आजची पोस्ट पोर्क चॉप्सवर आहे. आमच्या माहेरच्या शाकाहारी वाचकांनी (आई, मावशी, तुम्हीच!) हवं तर इथेच थांबावं. पण शक्यतो थांबू नका, पुढे पिठलंही आहे :)

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. सासरे ओहायोत एकटेच राहतात. महिन्यातला एक रविवार आम्ही त्यांच्याकडे जातो. मार्चमध्ये जेवताना नवरा सहज म्हणाला, "आईच्या हातचे चॉप्स खाऊन किती दिवस झाले ना!" सासरे काहीच बोलले नाहीत. ताट घेऊन उठले. सासूबाई गेल्यापासून त्यांचं नाव त्यांनी काढलेलंच नव्हतं. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वेळी आपण करूया.

कृती तशी सोपी. हाडासकट, इंचभर जाडीचे चॉप्स. मीठ-मिरपूड लावून मैद्यात घोळवायचे आणि बिडाच्या तव्यात थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. ते काढले की तव्याला जी खरवड राहते, तोच ग्रेव्हीचा जीव. त्यातच कांदा परतायचा, दोन चमचे मैदा भाजायचा, मग दीड कप चिकन स्टॉक थोडा थोडा ओतत उलथन्याने खरवड सोडवायची. गुठळी होऊ द्यायची नाही. ढवळता ढवळता मला हसूच आलं. अगं आई, हे तर पिठलंच की! बेसनाऐवजी मैदा, एवढंच.

शेवटी चॉप्स परत त्यात सोडायचे. मी थर्मामीटर लावून बसले होते. २०११ साली इथल्या कृषी खात्याने पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी १६० ऐवजी १४५ फॅरनहाइट आणि वर ३ मिनिटं विसावा पुरे असं सांगितलं. माझे चॉप्स अगदी तसेच, आतून किंचित गुलाबी, रसाळ. सासऱ्यांनी अर्धा खाल्ला, "छान झालंय" म्हणाले आणि बाकीचा बाजूला सारला.

परतताना गाडीत मी जाम वैतागले होते. नवरा हसायला लागला. "अगं, आई पाऊण तास शिजवायची. चपलेसारखे व्हायचे!" मग उलगडा झाला. त्या पिढीला पोर्कमधल्या जंतांची धास्ती, गुलाबीपणा दिसला की पोटात गोळा. आणि एवढा कोरडा चॉप घशाखाली उतरवायचा तर ग्रेव्ही हवीच!

पुढच्या रविवारी थर्मामीटर घरीच ठेवला. झाकण घालून पाऊण तास शिजवले. खरं सांगू? मला नाही आवडले. सासऱ्यांनी मात्र दोन संपवले, ब्रेडने ताटली पुसून घेतली आणि म्हणाले, "तिच्या ग्रेव्हीत मीठ जरा कमी असायचं."

मग बोलतच राहिले. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिच्या ग्रेव्हीत कशा गुठळ्या व्हायच्या आणि आपण त्या कशा गुपचूप गिळायचो, ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते हसतही होते. नवऱ्यालाही हे सगळं नवीनच होतं. निघायला रात्रीचे दहा वाजले.

असो. पुढच्या वेळी मीठ कमी घालायचं आहे.