चाकोरी

आमच्या ट्रेलरने आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास टेंपोत बसून केला. गोखिवऱ्याच्या गाळ्यातून भुईगावच्या एका वाडीपर्यंत. सहा फूट बाय चार फुटांचा लोखंडी हौदा, दोन चाकं, पुढे दांडा. चार जणांनी मिळून तो टेंपोत चढवला, दोऱ्या आवळल्या, आणि ज्या जीपसाठी तो बनवला होता ती जीप टेंपोच्या मागून रिकामीच निघाली. वसईच्या पूर्व-पश्चिम पुलावर खोळंबलो असताना शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘‘जीप बिघडली काय?’’ बाबा दुसरीकडे बघत राहिले. मी म्हटलं, ‘‘नाही, ट्रेलर बिघडलाय.’’ हेही खोटंच होतं.

जीप मी २०१४ च्या दिवाळीआधी घेतली. महिंद्राची एमएम ५४०, १९९१ ची. नंबर ठाण्याचा, एमएच ०४, कारण तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो मी जीप घेतली त्याच वर्षी, १ ऑगस्टला. वाडीतली केळी आणि फुलं वाहून वाहून दमलेली गाडी. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा असा खाल्ला होता की ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायचा. इंजिन मात्र ठणठणीत: प्यूजोच्या परवान्यावर इथे बनणारं २११२ सीसीचं डिझेल, एकदा सुरू झालं की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. मी तेव्हा अंधेरीत अकाउंट्सचं काम करायचो, विरार लोकलने यायचो-जायचो, आणि त्या वयात प्रत्येकाला वाटतं तसं मला चाकोरीबाहेर काहीतरी करायचं होतं. पगारातून जे जमलं ते हे.

बाबा त्या वेळी घरी होते. सातिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. डाय बनवायच्या, दुरुस्त करायच्या; लेथ, मिलिंग, वेल्डिंग, सगळं हातात. पण आयटीआयचं सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून मस्टरवर शेवटपर्यंत ‘हेल्पर’. नवीन आलेली सर्टिफिकेटवाली पोरं त्यांच्याकडून काम शिकायची आणि वर्षभरात त्यांच्यापेक्षा जास्त पगार घ्यायची. २०१२ मध्ये कारखाना बंद पडला. मग गोखिवऱ्याला मित्राच्या गाळ्यात अर्धी जागा घेऊन बाबा ग्रिल, गेट, शटर करू लागले; पण काम असेल तर जायचं, नसेल तर गॅलरीत बसायचं, असं चाललं होतं. आईला त्या गॅलरीतल्या बसण्याची धास्ती वाटायची.

जीप गाळ्यात आणून उभी केली त्या दिवशी बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, स्क्रूड्रायव्हरने चासीवर ठिकठिकाणी टोचून बघितलं आणि म्हणाले, ‘‘किती दिले?’’ मी आकडा थोडा कमी करून सांगितला. दुसऱ्या दिवशी सहा वाजता उठून ते गाळ्यात गेले.

पुढच्या अडीच वर्षांत मी पैसे पुरवले आणि बाबांनी काम केलं, असं म्हणणं जास्त खरं. कुजलेला फ्लोअर कापून काढला. मी अठरा गेजचा पत्रा आणला तर तो परत पाठवून सोळा गेजचा मागवला. मागच्या कमानीच्या शॅकलजवळ चासी पातळ झाली होती, तिथे आतून-बाहेरून प्लेटा बसवल्या. रविवारी आम्ही दोघं लोकलने पार्ट शोधायला जायचो: जुनं हवं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, नवं हवं असेल तर ऑपेरा हाउस. एकदा डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन गोणपाटात गुंडाळून विरार लोकलमधून आणला. चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाने ‘कलिंगड आहे का’ म्हणून विचारलं होतं.

भांडण झालं ते टायरवरून. मला रुंद टायर हवे होते आणि गाडी तीन-चार इंच वर उचलायची होती, फोटोत दिसते तशी. बाबांचं म्हणणं, जीपला कंपनीने ६.००-१६ चे बारीक टायर दिले ते उगाच नाहीत. आपल्याकडचा पावसाळी चिखल वरून मऊ, खाली कडक. बारीक टायर तो कापून खालच्या कडक जमिनीपर्यंत पोचतो, रुंद टायर वरच्या वर पोहत राहतो. वाळूत उलटं, हे त्यांना मान्य होतं. ‘‘पण तू काय रोज वाळूत जाणार आहेस?’’ बारीक टायर राहिले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या जीपवाल्यांची तारांबळ उडाली. आमची जीप आहे तशी होती. बाबांनी कायदा वाचला नव्हता, चिखल वाचला होता.

ट्रेलरची कल्पना त्यांचीच. माझ्या फोनवर त्यांनी लष्करी जीपचा एक जुना फोटो बघितला, मागे लोखंडी पेटीसारखा ट्रेलर. फोटो मोठा करून ते बराच वेळ चाकंच बघत होते. मग मी त्याची माहिती काढून त्यांना वाचून दाखवली. पहिल्या जीपचा नमुना विलिसने किंवा फोर्डने केलेला नव्हता. सप्टेंबर १९४० मध्ये तो अमेरिकन सैन्याला नेऊन दिला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅण्टम या लहानशा कंपनीने. पण मोठा माल काढायची ऐपत तिच्यात नाही असं ठरलं, जीपची मोठी कंत्राटं विलिस आणि फोर्डकडे गेली, आणि बॅण्टमने उरलेलं युद्ध पाव टनाचे ट्रेलर बनवण्यात घालवलं. ज्यांनी जीप आधी केली त्यांच्या वाट्याला तिच्या मागे ओढायची पेटी आली. बाबा म्हणाले, ‘‘पण पेटी चांगली केली त्यांनी.’’

चांगली म्हणजे काय, ते त्यांनी मला गाळ्याच्या फरशीवर खडूने काढून समजावलं. ट्रेलरला जीपचीच चाकं, जीपचेच टायर, म्हणजे एक स्टेपनी दोघांना. आणि दोन चाकांमधलं अंतर जीपइतकंच, म्हणजे ट्रेलरचं चाक जीपच्या चाकाने आधीच दाबलेल्या चाकोरीतून येतं. त्याला स्वतःची वाट करावी लागत नाही, आणि जीपला दोन वाटा कराव्या लागल्यासारखं ओझं होत नाही. अंतर चार बोटं चुकलं तरी चिखलात फरक पडतो. मी चाकोरीबाहेर जायला जीप घेतली होती आणि बाबा जीपच्या चारही चाकांना ओळंबा लावून चाकोरीचं माप घेत होते.

हब जुन्या विलिसचे मिळाले, भंगारातून. मध्ये जाड पाइप, टोकांना लेथवर काढलेले स्टब. डाव्या हबचे नट काही केल्या सुटेनात म्हणून मी पान्यावर उभा राहून उड्या मारल्या आणि एक स्टड तोडला. बाबांनी येऊन तुटलेल्या तुकड्यावरचा ‘एल’ दाखवला. त्या काळच्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. चाक फिरताना नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो.

पहिल्यांदा अ‍ॅक्सल बरोबर मधोमध बसवला होता. रविवारी इस्टेटच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर रेतीच्या गोण्या भरून जीपला जोडला, आणि तीसच्या वर वेग जाताच ट्रेलर शेपूट हलवू लागला, मग जीपलाही हलवू लागला. मी घाबरून ब्रेक मारला, तो अजून वाईट. बाबांनी परत येऊन दांड्याचं टोक वजनकाट्यावर टेकवलं. काटा जवळजवळ हललाच नाही. एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार दांड्यावर, म्हणजे जीपच्या हुकावर यायला हवा. नाहीतर मागचं वजन पुढच्याला चालवतं. सगळे वेल्ड कापून त्यांनी अ‍ॅक्सल पाच इंच मागे घेतला. तक्रार नाही, उसासा नाही. मला वाटतं, ते त्या महिन्यात आनंदात होते.

आता जे सांगायचं टाळतोय ते. ट्रेलर पास होणार नाही हे मला पहिला पाइप कापायच्या आधीपासून माहीत होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दात ट्रेलरही येतो. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो. आणि नोंदणीसाठी नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय नियमांतला १२६ वा नियम. तो कारखानदारांसाठी आहे, आणि असायलाही हवा. रस्त्यावर कोणीही काहीही जोडून ओढत निघालं तर काय होईल हे मी रेतीच्या गोण्यांच्या दिवशी बघितलं होतं. एका रात्री फोनवर हे सगळं वाचलं आणि फोन बंद केला. सकाळी सहाला बाबांच्या डब्याचा आवाज येत होता. मी काही बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत ट्रेलर पूर्ण झाला. मी त्याला मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर बसवले, सात पिनांचा सॉकेट लावला. रंग जीपचाच.

डिसेंबर २०१७ मध्ये बाबा इस्त्रीचा शर्ट घालून परिवहन कार्यालयात गेले, मी सोबत. त्यांनी ट्रेलरचं ड्रॉइंग काढलं होतं, तीन बाजूंनी, मापांसकट, सुंदर अक्षरात. साहेब माणूस चांगला होता. त्याने ड्रॉइंग सरळ धरून नीट बघितलं, चासीच्या चॅनलचं माप विचारलं. मग म्हणाला, ‘‘काका, काम चांगलंय. पण कागद कुठाय?’’ बाबांनी ड्रॉइंगकडे बोट दाखवलं. साहेबाने समजावून सांगितलं. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. ते मला जमलं, हे अजून खुपतं.

परत येताना बाबा एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे हाही हेल्परच.’’ ट्रेलर गाळ्याच्या मागे प्लॅस्टिकखाली गेला.

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार पाण्यात गेलं. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज नाही, मिठागरात माणसं अडकलेली. माझी आत्या वसई पूर्वेला राहते. तिच्या सोसायटीत पंप बंद, प्यायला पाणी नाही. बाबांनी मला न विचारता प्लॅस्टिक ओढून काढलं. पंधरा जार पाणी, मेणबत्त्या, दूध पावडर, बिस्किटं. जीपच्या फॅनचा पट्टा त्यांनी ढिला केला, म्हणजे फॅन पाणी उडवणार नाही. पाण्याच्या काठाशी एक हवालदार उभा होता. त्याने बिननंबरच्या ट्रेलरकडे बघितलं, मग जारकडे, आणि शिट्टी मारून पुढची बाइक बाजूला घेतली.

भरलेला ट्रेलर शहाण्यासारखा आला. रिकामा परत नेताना, मांडीइतक्या पाण्यात, जीपचं मागचं अंग डावीकडे ओढलं जाऊ लागलं. आरशात बघतो तर ट्रेलर तरंगत होता. हिशेब नंतर केला: चोवीस चौरस फुटांचा हौदा एक इंच बुडाला की पंचावन्न किलोच्या आसपास पाणी बाजूला सारतो, भंगारवाल्याच्या काट्यावर ट्रेलर २४० किलो भरला होता, म्हणजे तळ साडेचार इंच बुडाला की चाकं जमीन सोडणार. मी गटाराच्या बाजूला सरकत होतो. बाबा खाली उतरले, ट्रेलरच्या कडेवरून वाकून आत हात घातला आणि तळाचं पितळी बूच ओढून काढलं. ते बूच त्यांनी बसवलं तेव्हा मी हसलो होतो. हौद्यात पाणी भरत गेलं, आणि एका धक्क्यासरशी चाकं टेकली. तसाच, निम्मा बुडवून, आम्ही तो बाहेर आणला. तिथे बूच उघडंच ठेवून पाणी जाऊ दिलं आणि बाबा ओल्या पँटने सीटवर येऊन बसले.

पाणी ओसरल्यावर हब उघडले. बुडालेल्या हबमध्ये पाणी शिरतं, ग्रीसचं दुधासारखं होतं; वेळेत धुतलं नाही तर बेअरिंग संपलं. बाबा तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत होते, दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, ‘‘तुला आधीच माहीत होतं ना? पास होणार नाही ते.’’

‘‘हो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्यापासून.’’

त्यांनी बेअरिंग थोडं फिरवलं, पुन्हा दाबलं. बराच वेळ. मग म्हणाले, ‘‘मग दिव्यांच्या वायरिंगला तीन दिवस कशाला घालवलेस?’’

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी हात पुढे केला, मी दुसरं बेअरिंग दिलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ट्रेलर टेंपोतून भुईगावला गेला, बाबांच्या मित्राच्या वाडीत. तिथे खाजगी जमीन, कोणाची हरकत नाही. जीप महिन्यातून दोनदा तिथे जाते. केळीचे घड, शेणखत, पाण्याचे पिंप, जे असेल ते विहिरीपासून फाटकापर्यंत ओढायचं, आणि फाटकाशी सोडायचं. माडांमधून जाणारी वाट पावसानंतर दोन काळ्या रेघांसारखी दिसते, दोनच. सात पिनांचा प्लग बाबा दर वेळी आठवणीने जोडतात. वळणावर मी इंडिकेटर दिला नाही तर ओरडतात.