दोरीचे वेटोळे

गेल्या हिवाळ्यात 82 वर्षांच्या अण्णांना घेऊन मी मस्कतला मुलीकडे गेलो होतो. एका सकाळी नखलचा किल्ला पाहावयास निघालो, परंतु बरका येताच अण्णा म्हणाले, "आधी समुद्र पाहू." बेत बदलला. औषधे, पाणी आणि टोपी सोबत होतीच.

किनाऱ्यावर कोळी जाळे ओढीत होते. अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन्ही टोके वाळूवर खेचली जात होती. मालवणात बालपण गेलेले अण्णा उद्गारले, "अरे, ही तर आपली रापण!" याच बातिना किनाऱ्यावर पूर्वी खजुराच्या झावळ्यांच्या देठांची 'शाशा' नावाची होडी वापरीत.

ओढणाऱ्यांच्या मागे मासळीच्या रिकाम्या पेटीवर एक वृद्ध कोळी बसला होता. येणाऱ्या दोरीची वेटोळी घालणे एवढेच त्याचे काम. पण ते त्याचेच होते. अण्णा दुसऱ्या पेटीवर बसले. भाषा कळत नव्हती. त्याने दोरी पुढे केली आणि अण्णांचे थरथरते हात चालू लागले.

मी ओशाळलो. आई गेल्यापासून काळजीपोटी मी त्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतले होते. वापर थांबला की स्नायूंची ताकद ओसरते, हे रुग्णांना मात्र मीच सांगत आलो होतो.

घरी परतल्यावर भाजी निवडणे त्यांच्याकडे सोपवले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मेथी शिळी आहे. उद्यापासून मीही बाजारात येईन."