बंबाचा श्वास

दाब हा शब्द आपल्या घरांत बहुधा डॉक्टरांच्या संदर्भात उच्चारला जातो. वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाची नोंद ठेवणारी मंडळी न्हाणीघरातील पाण्याच्या दाबाकडे मात्र नळाची धार सुतासारखी बारीक होईपर्यंत लक्ष देत नाहीत. वस्तुतः येथेही न्याय तोच आहे. दाब कमी झाला तर गैरसोय होते आणि अधिक झाला तर जिवाशी गाठ पडते.

आमच्या सदलग्यात, दूधगंगेच्या काठी, पूर्वी तांब्याचा बंब असे. मध्ये जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी आणि वर सैल झाकण. पाणी वरून ओतावे आणि तोटीने काढून घ्यावे. झाकणाच्या फटीतून वाफ आपली वाट काढी. त्यामुळे आत दाब असा साठतच नसे. आता गच्चीवर सौर बंब आले. धूर गेला, सरपण गेले, गृहिणींच्या डोळ्यांना विसावा मिळाला. परंतु नळ्यांबरोबर पाण्याच्या दाबाचा प्रश्नही घरात शिरला.

या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. गरम पाण्याची टाकी नळाला पाणी पुरवते, असे आपण समजतो. खरे पाहता तिला स्वतःचा जोर मुळीच नसतो. तिच्याहून उंचावर ठेवलेल्या गार पाण्याच्या टाकीतील पाणी खालून तिच्यात शिरते आणि वरचे गरम पाणी पुढे ढकलते. हा जोर ठरतो केवळ उंचीवर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. टाकीतील पाणी नळापासून तीन मीटर उंच असेल तर तो जेमतेम त्याच्या तीन दशांश. म्हणून धार वाढावी यासाठी पाचशे लिटरऐवजी हजार लिटरची टाकी आणून उपयोग नाही. टाकी मोठी नव्हे, उंच हवी.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी गरम पाण्याची धार एकाएकी मंदावली. सौभाग्यवतींच्या मते कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार नळीत साठले होते. चिरंजीवांच्या मते पंपच बसवायला हवा होता. माझ्या शाळेतून शिकून गेलेला आणि आता नळकाम करणारा एक तरुण आला. त्याने हत्यारांच्या पिशवीला हातही लावला नाही. प्रथम घरातील सगळे नळ एकेक करून उघडून पाहिले. गार पाणी सर्वत्र जोरात होते. म्हणजे वरच्या टाकीची उंची आणि तीतील पाणी पुरेसे होते. एकाच नळाचे गरम पाणी मंद असते, तर दोष त्या नळाच्या जाळीत शोधावा लागला असता. येथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्हीकडे गरम पाणीच अडत होते. म्हणजे दोष मुळाशी, गरम टाकीजवळ असला पाहिजे. व्याकरणात वाक्य चुकले की आम्ही कर्ता, कर्म, क्रियापद असे एकेक पद तपासतो. त्याची रीत तीच होती, म्हणून मला ती फार आवडली.

मग तो गच्चीवर गेला आणि वरूनच म्हणाला, "सर, ह्या टाकीचं नाकच कुणीतरी दाबून धरलंय!"

गरम टाकीच्या डोक्यावर एक उभी, उघडी नळी असते. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते; ती हवा आणि वाफ या नळीवाटे बाहेर पडते. या नळीचे तोंड गार टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच असावे लागते. आमची नळी हातभर आखूड होती. गार टाकी काठोकाठ भरली की तिच्यातून पाणी सांडे. पूर्वी येऊन गेलेल्या एका कारागिराने नळी वाढवण्याऐवजी तिला टोपण बसवून टाकले होते. सांडणे थांबले, पण कोंडलेली हवा टाकीत आणि नळ्यांच्या उंचवट्यांत साचून तिने पाण्याची वाट अडवली. तरुणाने टोपण काढले, नळी वाढवली आणि तासाभरात धार पूर्ववत झाली. "धारेचं सोडा, सर," तो म्हणाला, "कडक उन्हाच्या दिवसांत पाणी उकळलं असतं आणि वाफेला वाट मिळाली नसती, तर टाकीच फुटली असती." याच्या उलटही घडते. गार टाकी रिकामी असताना नळ उघडे राहिले आणि हवेला आत यायला वाट नसली, तर टाकीचा पत्रा आत चेपला जातो.

विजेच्या गीझरलाही हेच लागू आहे. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेले की ते सुमारे दीड लिटरने फुगते. बंद गीझरमधील हे वाढलेले पाणी बाहेर पडावे म्हणून त्याला सुरक्षा झडप असते. पाणी तापताना ती थोडी ठिबकली तर तो दोष नव्हे, ते तिचे काम होय. ठिबकते म्हणून तिला खुंटी मारणे हा आत्मघात आहे. तिच्यातून वाफ किंवा उकळते पाणी येऊ लागले तर मुख्य खटका बंद करून जाणकाराला बोलवावे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली हाडे शिजवणारे बंद भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. अशा भांड्याला वजनाची झडप बसवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. आपल्या कुकरची शिट्टी तिचीच वंशज. शिट्टीचा आवाज नकोसा होतो म्हणून ती कोणी बांधून ठेवत नाही; मग गच्चीवरच्या नळीला टोपण का लावावे?

कर्नाटकात नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण, पाळतात. न्हाणीघरातील हंडा घासून, पुजून, ताज्या पाण्याने भरायचा. आपल्या घरांतही त्या दिवशी बंब चिंचेने लखलखीत होत असे. वर्षातून एकदा पाण्याच्या भांड्याकडे नीट पाहण्याची सक्ती त्या रूढीत होती. सौर बंब दृष्टीआड गच्चीवर गेला आणि ती सक्तीही गेली. येत्या धनत्रयोदशीला एका जाणत्या माणसासह गच्चीवर जावे. गार टाकीतील पाण्याची पातळी, जाळ्यांतील क्षार आणि मुख्य म्हणजे ती उभी नळी उघडी आहे की नाही, एवढे पाहावे. अभ्यंगस्नान त्यानंतर निर्धास्तपणे करावे.