आपले बोबडे बोल कुणाकडे आहेत?

सत्तरच्या दशकात जन्मलेल्या आपल्या पिढीला स्वतःची पहिली तीन-चार वर्षं ऐकीवच ठाऊक आहेत. इतक्या लहानपणचं माणसाला सहसा काही आठवत नाही. तरीही आपण कुणाची कशी फजिती केली, ते आपण अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. कारण दर लग्नाकार्यात, फराळाच्या दर ताटाभोवती आत्या-मावश्यांनी ते आपल्याला ऐकवलेलं असतं. आपण चिडायचो आणि मनातून खूशही व्हायचो.

घरातल्या शेंडेफळाला एक गोष्ट हटकून ऐकवली जायची, ‘तुला बोहारणीकडून घेतलंय.’ बहुतेक पोरं भोकाड पसरत. चौकस पोर मात्र चौकशीला लागे, ‘माझ्यावर किती साड्या दिल्या? जरीच्या होत्या का?’ जरीची एकही नव्हती, हे कळल्यावर रुसवा. आणि दुपारी खरीच बोहारीण दारात आली, की तिच्या पाटीत डोकावून विचारणार, ‘यात भाऊ आहे का?’

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चाळीत शटरचा टीव्ही एखाद्याच घरी असायचा आणि त्या घरात संध्याकाळी अख्ख्या मजल्याची पोरं. बातम्या देणाऱ्या बाई आपल्याकडेच बघतात, म्हणून वेणीफणी करून, फ्रॉक बदलून पुढ्यात बसणारी एखादी ठमी असेच. मधूनच पडद्यावर ‘व्यत्यय’ची पाटी झळके. आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी ‘साप्ताहिकी’ कान देऊन ऐकल्यावर असंच एक पोरगं म्हणालं, ‘व्यत्यय किती वाजता आहे, ते सांगितलंच नाही!’ हे वाक्य आपल्याच घरातलं, असा दावा करणारी निदान तीन कुटुंबं मला माहीत आहेत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशा मुलांना न्यायची आयांना धास्तीच असे. वाण हातात पडताच भर बायकांत पोर विचारी, ‘ही डबी आपणच यांना दिली होती ना?’ आईचा चिमटा बसे. त्यावर दुसरा प्रश्न, ‘चिमटा का काढलास?’

प्रश्नांना तर अंत नव्हता. चंद्र आपल्या एसटीबरोबर का पळतो? देव्हाऱ्यातला देव रात्री शू कुठे करतो? पहाटे नळाला पाणी आलं की उठणाऱ्या आईला त्या घाईत एवढी सवड कुठली? ती म्हणे, ‘आजीला विचार.’ तांदूळ निवडणारी आजी आजोबांकडे पाठवी, आजोबा पेपरातून डोकं न काढता शेजारच्या काकांकडे. सगळीकडून वेगवेगळं उत्तर मिळे, बहुतेक चुकीचं, क्वचित नुसताच धपाटा. मुलांचं कुतूहल जपावं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीच्या बालवाडीत करून दाखवलं होतं. आपल्या घरांना ते शास्त्र ठाऊक नव्हतं. घरात माणसं भरपूर होती, म्हणून ऐकणारं कुणीतरी सापडे आणि ऐकलेलं चारचौघांत रंगवून सांगणारंही.

हे सगळं टिपून ठेवायची सोय मात्र नव्हती. आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलला 12 फोटो. ते वाढदिवस, मुंज आणि गणपतीत संपत. एखाद्या हौशी काकांनी टेपरेकॉर्डर पुढ्यात धरून आपले बोबडे बोल भरलेही असतील, पण पुढे त्याच कॅसेटवर कुणीतरी गीतरामायण टेप केलं.

त्यामुळे आपली पहिली चार वर्षं आज एकाच ठिकाणी शिल्लक आहेत, सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आत्या, मावश्या, काकू आणि शेजारच्या ताईंच्या डोक्यात. त्यातली बरीच माणसं गेली आणि जाताना आपले किस्सेही घेऊन गेली. उरलेल्यांना ते आठवतात, पण हल्ली कुणी विचारत नाही. भेटलो की आपण त्यांना गुडघेदुखी आणि गोळ्यांचंच विचारतो.

आताच्या नातवंडा-भाचरांचे फोनमध्ये हजारो फोटो आहेत. पण परवा त्या पोरानं जेवताना काय विचारलं होतं, ते आठवून पाहा, चटकन सांगता यायचं नाही. तेव्हा दोन कामं कराच. या रविवारी आत्याला फोन लावा आणि ‘मी लहानपणी काय बोलायचो गं?’ एवढंच विचारून गप्प बसा, बाकीचं ती सांगेल. आणि घरात चार वर्षांचं पोर असेल, तर एक साधी वही घालून तिच्यात त्याची वाक्यं तारखेसकट, त्याच्याच शब्दांत लिहीत जा. शुद्धलेखन सुधारू नका.