ऐकू येते, पण जात नाही

कलाशाखेच्या मुलाच्या हातात पाना दिसला, की लोकांना उगीचच काळजी वाटू लागते. आमचा संबंध फक्त 'पाने' या अनेकवचनाशी, असा एक समज आहे! माझ्या बाबतीत तो खरा नाही. वडिलांचे गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे आणि सोल्डरचा वास मला उदबत्तीइतकाच ओळखीचा आहे. तरीही परदेशात जाऊन मी एका ट्रकची एरियल दुरुस्त करीन, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

2024 च्या उन्हाळी सुट्टीत ताईच्या बाळंतपणासाठी आईबरोबर मी अमेरिकेत, वायोमिंग राज्यातल्या लॅरमी या गावी गेलो होतो. गाव समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच. आपल्याकडे कैऱ्या उतरवायच्या दिवसांत तिथे बर्फ पडत होते. गावाला लागून आय-80 हा महामार्ग जातो. पश्चिमेला एल्क पर्वताजवळून जाणारा त्याचा तुकडा 1970 साली खुला झाला. तिथे वारा आणि बर्फ फार, रस्ता तिकडून नेऊ नका, असे जुने रहिवासी सांगत होते. कुणी ऐकले नाही. आता वाऱ्याने रिकामे ट्रक आडवे होतात, उडत्या बर्फात पुढचे दिवे दिसेनासे होतात आणि रस्ता वारंवार बंद करावा लागतो.

ताईच्या शेजारचे आजोबा याच रस्त्यावर ट्रक चालवीत. त्यांच्या ट्रकमध्ये सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ होता. चाळीस चॅनेल, चार वॅट, आणि पल्ला थोड्या मैलांचा. एकोणिसावा चॅनेल ट्रकवाल्यांचा, नववा संकटाचा. 1973 च्या तेलटंचाईनंतर हे यंत्र तिथे घरोघर पोहोचले. मोबाइल आल्यावर बहुतेकांनी माळ्यावर टाकले. मोबाइल असताना हे कशाला, असे मीही विचारले. आजोबा म्हणाले, "फोनवर मी एकाला सांगतो. पुढं गाड्या आदळल्यात हे माझ्या मागून येणाऱ्या, नावगाव ठाऊक नसलेल्या दहाजणांना कसं सांगू?" शिवाय मालट्रक चालवताना फोन हातात धरायला तिथे 2012 पासून बंदी आहे, सीबीला नाही. आपल्याकडेही सत्तावीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या संचाला 2005 पासून परवाना लागत नाही; पण आपल्या ट्रकवाल्यांचा कारभार अजून हॉर्न, डिपर आणि क्लीनरचा बाहेर काढलेला हात यांवर बरा चालला आहे.

दुसरा सीबी त्यांच्या स्वयंपाकघरात होता. आजींची दृष्टी साखरेच्या आजाराने जवळजवळ गेली होती. गाव जवळ आले की आजोबांचा आवाज त्या डब्यातून येई आणि आजी कॉफी ठेवीत. दोन आठवडे तो आवाज आला नव्हता. आजोबांना जवळच्या गाड्यांचे बोलणे ऐकू येई, पण त्यांचे कुणाला जात नसे. परवाच्या रात्री बर्फात थांबलेल्या एका गाडीची वर्दी त्यांनी चारदा दिली होती. कुणी उत्तर दिले नाही.

"बाबांना फोन लाव," ताई म्हणाली. फोन लावला. बाबांनी आयुष्यात सीबी पाहिलेला नाही, पण त्यांनी दुकानात मला शिकवलेलेच पुन्हा सांगितले, "आधी डोळ्यांनी बघ, मग मीटर लाव, आणि यंत्र सगळ्यात शेवटी उघड."

एरियल बाहेरच्या आरशाच्या दांडीवर होती. सत्तावीस मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची. तिच्या पाव हिश्शाची म्हटली तरी एरियल पावणेतीन मीटर हवी. म्हणून चार फुटी फायबरच्या काठीवर तारेचे वेढे देऊन ती लांबी भरून काढतात. काठी काढली आणि केबलच्या टोकाला मीटर लावले. मधली तार आणि बाहेरची जाळी यांचा एकमेकींशी संबंध नसायला हवा. इथे मीटर टूंऽ करून ओरडले. केबल खालच्या बोल्टापासून सोडवली तर ती निर्दोष. म्हणजे घोटाळा बोल्टात. खोलून पाहिले. बोल्ट आणि दांडी यांना अलग ठेवणारा प्लास्टिकचा वायसर चिरडून फुटला होता. रस्त्यावरच्या कुठल्याशा गॅरेजवाल्याने नट जिवाच्या आकांताने आवळला असावा. रुपयाभराची ती चकती! तिच्यावाचून शक्ती एरियलमध्ये न जाता जवळजवळ सगळी संचाकडे परत येत होती.

वायसर ट्रक थांबतात तिथल्या दुकानात मिळाला. दांडी दाराला जिथे टेकते तिथला गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, कारण गाडीचा पत्रा हाच एरियलचा दुसरा अर्धा भाग असतो. खरी भीती पुढेच होती. परत फिरलेल्या शक्तीने संचातला शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. तो जळला असेल तर आमचे घासणे-पुसणे फुकट.

ट्रक भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेत नेला. संच आणि केबल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर जोडले. आजोबांनी माइकचे बटण दाबले. काटा क्षणभर हलला नाही, मग सावकाश चढत खुणेपर्यंत गेला. संच जिवंत होता! आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

आता लांबी. पहिल्या चॅनेलवर 2.6, चाळिसाव्यावर 1.8. खालच्या चॅनेलवर आकडा मोठा, म्हणजे एरियल आखूड. (उलटे असते तर लांब.) टोकाचा स्क्रू थोडा वर घ्यायचा, दार लावायचे, मी दूर जायचे, मग बटण. माणूस जवळ उभा राहिला तरी आकडा बदलतो. आकडा दोनवर असेल तर अकरा टक्के शक्ती परत येते, तीनवर पंचवीस. आजोबांना दोन पुरले असते, मला पुरेनात. बोटे बधिर झाली तेव्हा दोन्ही टोकांना 1.5 आणि एकोणिसाव्यावर 1.3 आले.

आजोबा ट्रक घेऊन पश्चिमेला गेले. मी आजींजवळ बसलो. खरखर, मग काहीच नाही. आजी टेबलावरचा कपडा सारखा करीत राहिल्या. वीसेक मिनिटांनी त्या डब्यातून खोकल्याचा आवाज आला आणि त्यामागून, "अगं, ऐकतेस का?"

आजींनी चाचपडत माइक उचलला. "ऐकतेय. येताना मीठ आण," त्या म्हणाल्या, आणि मला कॉफीचे भांडे कुठे आहे ते बोटाने दाखवले.