तणस

आमची दहावीची सहल नागझिऱ्याला जायची होती. नागझिरा तेव्हा आमच्याच भंडारा जिल्ह्यात. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. पण गाडीचं जमलं नाही, म्हणून सरांनी आंबागड काढला. तुमसरपर्यंत एसटी, पुढे पायी, अन् एक रात्र पायथ्याशी मुक्काम. १९७६ चा जानेवारी होता. चार दिवसांपासून आभाळ भरलेलं, रात्री पांघरूणही नको वाटे. शाळेनं सामानाच्या यादीत एकच चादर लिहिली होती.

किल्ला पाहिला. बख्त बुलंद शाहाचा सरदार राजाखान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला, असं सरांनी सांगितलं. भोसल्यांच्या काळात इथं कैदी ठेवत अन् विहिरीचं सडकं पाणी पाजून मारत म्हणे. हे ऐकल्यावर आम्ही पोट्टे त्या विहिरीपासून हलेनाच.

उतरलो तेव्हा आभाळ साफ झालं होतं. वारा उत्तरेचा. माझा बाप म्हणायचा, आभाळ म्हणजे रातचं पांघरूण, ते निघालं की जमीन उघडी पडते. सरांनी तंबूसाठी तलावाच्या पाळीखालची रिकामी बांधी निवडली. सपाट होती, पाणी जवळ होतं. पण थंडी पाण्यासारखीच खोलगट जागी येऊन साचते. धानवाल्याला हे सांगावं लागत नाही. मला कळत होतं, पण सरांना कोण सांगणार?

अन् दुसरी गोष्ट. शंभर पावलांवर एक खळं होतं. चुरणं झालेलं, बाजूला तणसाचा घरासारखा उंच ढीग. बाप धानाच्या राखणीला पुसाच्या महिन्यात खळ्यावर झोपायचा तो तणसात शिरूनच. पोकळ काड्यांत हवा अडते, अंगाची ऊब बाहेर जात नाही. नऊ वाजता मी तो ढीग पाहिला अन् गप्प बसलो. कारण सकाळी एसटीत तुमसरच्या एका पोरानं माझ्या केसातली काडी काढून सगळ्यांना दाखवली होती. "गोठ्यातून आला का बे?" सगळे हसले होते. आता पुन्हा मीच तणसाचं नाव काढू?

माझ्या शेजारी झोपलेला दोस्त मासे धरणाऱ्या घरचा. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, अंगावर आईचं जुनं लुगडं. माझ्याकडे घोंगडी होती. थोडी त्याच्यावर टाकली, पण दोघांना पुरेना, अन् झोपेत मी ती ओढून घेतली असावी. तो कितीतरी वेळ थरथरत होता, दात वाजत होते. मग थरथर थांबली. मला वाटलं, लागला झोपी. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

लघवीला उठलो तेव्हा त्याला हलवलं. काहीतरी बडबडला, पण शब्द लागेना, जीभ जड. हात पाण्यातल्या दगडासारखा. तेव्हा मी पळालो ते थेट खळ्यावर. राखणदार म्हातारा तणसातून मुंडकं बाहेर काढून म्हणाला, "काऊन गा, आता काऊन येता? धानाच्या मुलखातले पोट्टे अन् थंडीनं मरता?" भारेच्या भारे त्यानं स्वतः आणले. दोस्ताचा दवानं ओला झालेला सदरा काढला, घोंगडीत गुंडाळलं, खाली-वर तणस टाकलं अन् मला म्हणाला, "शिर त्याच्याजवळ." म्हाताऱ्यानं गुळाचा चहा ठेवला. बऱ्याच वेळानं तो पुन्हा थरथरायला लागला. म्हातारा म्हणाला, "आता ठीक हाय." सर तोवर सगळ्यांच्या खाली तणस पसरवत होते, अन् तुमसरवाला पोरगा गळ्यापर्यंत त्यात गाडून घेऊन बसला होता.

मी दहावीनंतर शेतीत लागलो, दोस्त नागपूरला कामाला गेला. दिवाळीनंतरच्या मंडईला गावी येतो तेव्हा नातवंडांना माझ्या पाया पडायला लावतो. "या आजोबानं रातोरात खळं शोधलं, म्हणून मी हाय."

नऊ वाजता मला तो ढीग दिसला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.