न पुसलेला फ्लॅग

लिनक्स कर्नलमध्ये २०२२ साली उघडकीस आलेल्या ‘डर्टी पाइप’ (सीव्हीई-२०२२-०८४७) या त्रुटीचे मूळ एकाच चुकीत आहे: जुनी मेमरी पुन्हा वापरायला घेताना तिच्यातले आधीचे मूल्य पुसायचे राहून गेले.

पाइपात एक प्रोग्रॅम लिहितो, दुसरा वाचतो. आतून ती बफरांची वर्तुळाकार रांग असते आणि प्रत्येक बफर सहसा ४०९६ बाइटांच्या एका पानाशी जोडलेला असतो. ‘स्प्लाइस’ वापरून फाइल पाइपात टाकली की मजकुराची नक्कल होत नाही. सगळे प्रोग्रॅम जी सामाईक प्रत वाचतात, त्या पेज कॅशेतलेच पान बफरला जोडले जाते. अशा पानावर पाइपातून काही लिहिले जाता कामा नये.

२०१६ अखेरच्या ४.९ आवृत्तीत बफर भरणाऱ्या कोडात बफरच्या फ्लॅगची, म्हणजे खुणा ठेवायची, जागा न पुसता तशीच राहिली. तिथे मागच्या वापरातले मूल्य उरे, पण त्या काळी त्याने काही बिघडत नव्हते. २०२० मध्ये, ५.८ आवृत्तीत, ‘याच पानात पुढचे लिहिता येईल’ ही खूण नेमकी त्या जागी आली. हा दुसरा बदल एकटा पाहिला तर चोख आहे. तो तपासणाऱ्याला चार वर्षांपूर्वीची उणीव दिसणार तरी कुठून? कर्नलच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच.

ही त्रुटी शोधणाऱ्या माक्स केलरमन यांनी तिचा माग काढला तो बिघडलेल्या लॉग फाइलींवरून. जीझिप फाइल उलगडे, पण सीआरसी, म्हणजे मजकूर पडताळायचा आकडा, जुळत नसे. शेवटच्या आठ बाइटांत सीआरसी आणि लांबीऐवजी ‘५० ४बी ०१ ०२’ असे काही सापडले. पहिले दोन बाइट म्हणजे ‘पीके’, आणि चारही मिळून झिपच्या सूचीची खूण. पण महिन्याच्या लॉगांची झिप करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या फाइली फक्त वाचता येत होत्या. स्वतःचा कोड निर्दोष ठरल्यावरच त्यांनी कर्नलवर संशय घेतला आणि दोन चिमुकले प्रोग्रॅम लिहिले: एक फाइलीत ‘ए’ लिहिणारा, दुसरा ती फाइल स्प्लाइस करून पाइपात ‘बी’ लिहिणारा. फाइलीत ‘बी’ उमटले. इतकी नेटकी सिद्धता क्वचितच पाहायला मिळते.

यातून हल्ला करणे सोपे होते. पाइप भरून रिकामा केला की बफरांवर खूण राहते. मग एक बाइट स्प्लाइस करून पुढे हवे ते लिहायचे. वाचायची परवानगी पुरे, मग फाइल रूटची असली तरी. पानाचा पहिला बाइट मात्र बदलता येत नाही, पानाची सीमा ओलांडता येत नाही आणि फाइल वाढवता येत नाही.

२० फेब्रुवारी २०२२ ला कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवले गेले. २३ तारखेला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या दुरुस्त आवृत्त्या आल्या, ७ मार्चला तपशील जाहीर झाला. दुरुस्ती दोन ओळींची होती. दोन फंक्शनांत प्रत्येकी एक, फ्लॅग शून्य करणारी.